बारा वर्षांचं वैर

झुंबर सोनवणे याच्या आवाजाबद्दल आधी सांगायला हवं, नाहीतर पुढे गैरसमज होईल. राखोलीच्या एका कारखान्यात पॉलिस्टरच्या धाग्याला पीळ देणाऱ्या मशीनवर त्याने एकोणीस वर्षं काढली होती. त्या मशीनच्या घरघरीत शेजारच्या माणसाशी बोलायचं तर ओरडावंच लागतं. त्यामुळे "या, बसा, चहा घ्या" हेसुद्धा झुंबर अशा सुरात म्हणायचा, की नवखा माणूस दोन पावलं मागे सरकायचा. मग झुंबर त्याला हाताला धरून आत आणायचा, बसवायचा आणि चहाबरोबर शेव-मुरमुरे द्यायचा. आवाज फौजदाराचा आणि स्वभाव पंगतीतल्या वाढप्याचा, अशी देवाने या माणसाची जोडणी केली होती. उभ्या आयुष्यात त्याचं कोणाशी वाकडं आलं नाही. ही गोष्ट एरवी कौतुकाची. पण कायद्याला ती चालत नाही, हे त्याला सत्तेचाळिसाव्या वर्षी कळलं.

सिल्वासात आमली भागात तो ज्या चाळीत भाड्याने राहायचा, तिच्या मागे जमिनीचा एक पट्टा होता. लांबी बत्तीस फूट, रुंदी अकरा फूट. एका बाजूला चाळीची मोरीकडची भिंत, दुसऱ्या बाजूला पुठ्ठ्याच्या खोक्यांचं गोदाम. गोदाम आणि पट्टा दोन्ही दादऱ्याच्या ठाकोरशेठचं. शेठने कधीतरी जागा घेतली, गोदाम बांधलं, मागे हा पट्टा उरला आणि तो विसरला गेला. अशा विसरलेल्या जागेत साधारणपणे फुटकी कमोडं, जुने फ्लेक्स आणि एखादं कुत्रं असतं. इथे भरताची वांगी होती.

वांगी म्हणजे ती बाजारातली जांभळी नव्हेत. जांभळं वांगं झुंबरच्या लेखी शोभेचं फळ होतं. ही खानदेशातली, हिरवट-पांढरी, चांगली तान्ह्या पोराच्या डोक्याएवढी. थंडी पडली की ती कपाशीच्या वाळक्या काड्यांच्या जाळावर भाजायची, लाकडी बडगीत हिरव्या मिरच्या आणि लसणाबरोबर ठेचायची, आणि कळण्याच्या, म्हणजे ज्वारी-उडदाच्या पिठाच्या, पुऱ्या व कांद्याच्या पातीबरोबर अशी खायची, की नंतर दोन तास कोणाला काही सुचू नये. कपाशीच्या काड्या गावाहून एसटीच्या टपावर यायच्या. कंडक्टर विचारायचा, हे काय सरपण? झुंबर ओरडायचा, "औषध!"

हा वाफा झुंबरने मांडला नव्हता. तो त्याच्याकडे चालत आला होता. सगळ्यात आधी, दोन हजार बाराच्या पावसाळ्यात, त्याच चाळीत राहणाऱ्या कारभारी आप्पाने तिथली फुटकी कमोडं उचलून जमीन खणली. कोणाला विचारलं नाही. पण पहिली वांगी धरल्यावर आप्पाला चैन पडेना. त्यांच्या खानदेशात रीत अशी, की ज्याची जमीन त्याला पहिल्या भरताला बोलावल्याशिवाय जाळ पेटवायचा नाही. मग आप्पाने चार दिवस फिरून जमीन कोणाची याचा शोध लावला आणि दादऱ्याला जाऊन ठाकोरशेठला आमंत्रण दिलं. जागा घेताना शेठला विचारलं नव्हतं. जेवायला मात्र रीतसर विचारलं. शेठ आला, जेवला, आणि पुढच्या वर्षी आमंत्रणाची वाट पाहू लागला.

पाच वर्षांनी आप्पाला सुरंगीला एका रोपवाटिकेवर राखणदारी मिळाली. जाताना त्याने बियाण्याची पुरचुंडी चाळीतल्या केसरबाईच्या ओटीत घातली. केसरबाईने पाच वर्षं वाफा सांभाळला आणि गावी परतायचं ठरलं तेव्हा तीच पुरचुंडी झुंबरच्या हातात दिली. ती गावी गेली, तिथे तिला आठ महिन्यांत करमेनासं झालं, आणि परत येऊन तिने राखोलीला कामगारांची खानावळ घातली. पण वाफा काही परत मागितला नाही. दिलं ते दिलं.

झुंबर या वाफ्याचा तिसरा धनी. म्हणजे तो स्वतःला धनी कधीच म्हणाला नाही. विचारलं तर म्हणायचा, "आपण कोण हो? वांग्यांचे गडी."

मागच्या वर्षी भाद्रपदात ठाकोरशेठ वारला. त्या थंडीत झुंबरने जाळ पेटवला नाही. सगळी वांगी चाळीत वाटून टाकली. आणि यंदा दसरा झाल्यावर शेठचा मुलगा भावेशभाई नव्या पांढऱ्या गाडीतून आला. त्याने मोबाइलवर नकाशा उघडला, गोदामाभोवती फिरला आणि वाफ्यात पाय ठेवताना बुटाकडे बघून थांबला.

"झुंबरभाई तुम्हीच? जुओ, हा पट्टा आपल्याला लागणार. भिंत तोडून टेम्पो उभे करायचे छे. महिन्यात खाली करून द्या."

"या ना भावेशभाई, बसा!" झुंबर म्हणाला. भावेशभाई दोन पावलं मागे सरकला.

तो चहा न घेता गेला, हे झुंबरला जागा जाण्यापेक्षा जास्त लागलं. जागेचं दुःख आठवड्याने आलं, रजिस्टर पोस्टाने. वकिलाची नोटीस होती. तिच्यात लिहिलं होतं की झुंबर सोनवणे याने सदर जागेत चोरून प्रवेश केला असून आमच्या अशिलाच्या दिवंगत वडिलांना या अतिक्रमणाची सुतराम कल्पना नव्हती व त्यांनी हयातीत सदर पट्ट्यात कधी पाऊलही ठेवलं नव्हतं.

"चोरून!" झुंबर बायकोला म्हणाला. चोरून हा शब्दही त्याने अशा आवाजात उच्चारला, की चाळीतल्या सगळ्यांना कळला.

बायको सरुबाई मेथी निवडत होती. ती म्हणाली, "बाजारात वांगी मिळतात."

"जांभळी!"

"मंग जांभळी खा."

झुंबर उठून वाफ्यात गेला. झाडं कमरेला आली होती, फुलं धरली होती. अजून दीड महिन्यात पहिली वांगी उतरली असती. त्याआधी टेम्पो येणार होते. त्याने एका झाडाला विनाकारण काठीचा आधार दिला.

कारखान्यात त्याच्या शेजारच्या मशीनवर गोकुळ होता. गोकुळला कायद्याचं ज्ञान होतं, म्हणजे त्याच्या साडूवर तीन केसेस होत्या. जेवणाच्या सुट्टीत नोटीस वाचून तो म्हणाला, "भो, तू कशाला घाबरू राहिला? बारा वर्षं कब्जा असला की जागा आपली. कायदाच आहे."

"कोणी सांगितलं?"

"साडूचा वकील."

"मग साडूला मिळाली का जागा?"

"त्याचा कब्जा साडेअकरा वर्षं होता," गोकुळ खिन्नपणे म्हणाला. "तुझा किती?"

झुंबरने बोटं मोजली. केसरबाई गेली ती दोन हजार बावीसच्या आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला. साडेतीन वर्षं. त्याने डबा बंद केला. पण आप्पाची अन् केसरबाईची वर्षं मिळवली तर? वांगी तर तीच होती. बियाणं तेच होतं. फक्त पाणी घालणारा बदलला होता.

हा प्रश्न घेऊन तो रविवारी ॲडव्होकेट नलिनी पेडणेकर यांच्याकडे गेला. नलिनीबाईंचे वडील मालवणकडून इथल्या शाळेत मास्तर म्हणून आले आणि इथलेच झाले. मास्तरांचा मुलीला दिलेला वारसा म्हणजे समोरच्याला प्रत्येक गोष्ट दोनदा समजावून सांगण्याची सवय. त्यांचं ऑफिस कोर्टाजवळ एका झेरॉक्सच्या दुकानावर होतं.

"बारा वर्षं एकट्याची असावी लागतात असं नाही," नलिनीबाई म्हणाल्या. "आधीच्या माणसाची वर्षं पुढच्याच्या वर्षांना जोडता येतात. पण जोड हवी. चाळीत पाण्याला रांग लावता ना?"

"लावतो ना!"

"हळू बोला, मला ऐकू येतं. रांगेत तुम्ही उभे आहात. घरी जायचं झालं. तुमची जागा बायकोच्या हवाली करून गेलात, तर नंबर तोच राहतो. पण रांग सोडून गेलात आणि मागाहून बायको आपली आपण येऊन उभी राहिली, तर ती शेवटून पहिली. कारभारींनी जागा केसरबाईंच्या हवाली केली, केसरबाईंनी तुमच्या, असं सिद्ध झालं तर तिघांची वर्षं एकत्र. नाहीतर तुमची साडेतीन."

"हवालीच केली, मॅडम! बियाणासकट!"

"मध्ये खंड? केसरबाई गेल्या आणि तुम्ही आलात, यात किती दिवस?"

झुंबर जरा घुटमळला. "केसरमावशी आखाजीला गेली. माझी डबल शिफ्ट चालू होती. मी वाफ्यात शिरलो तीन आठवड्यांनी. पण जागा रिकामी नव्हती. शेळी होती."

"कोणाची शेळी?"

"मावशीचीच. ती न्यायची राहिली होती. मी म्हटलं, राहू द्या, बघतो."

नलिनीबाईंनी चष्मा पुसला. "म्हणजे शेळी केसरबाईंच्या वतीने जागेवर होती."

"हो. उरलीसुरली झाडं तिनेच संपवली."

"मग खंड नाही," नलिनीबाईंनी लिहून घेतलं. "शेळीचा ताबा तो केसरबाईंचा ताबा. आता नीट ऐका. ताब्याला तीन गोष्टी लागतात. उघड हवा, सलग हवा, आणि मालकाच्या विरोधात हवा. तिन्हींचा पुरावा आणा. तारखा लागतील. आणि हवाली केल्याचं काहीतरी, कागद, साक्षीदार, फोटो, जे असेल ते."

तीन गोष्टींपैकी झुंबरच्या डोक्यात मधली तेवढी राहिली. सलग. तो जिना उतरला तो वर्षं जोडतच.

पुढच्या सुट्टीला तो बसने सुरंगीला गेला. कारभारी आप्पा रोपवाटिकेच्या फाटकाशी खुर्ची टाकून बसला होता. वय सत्तर, डोक्याला कानटोपी, ऑक्टोबरच्या उकाड्यातसुद्धा.

"आप्पा, तुम्ही वाफा कधी धरला? तारीख पाहिजे."

"तारीख?" आप्पाने डोळे मिटले. "तो काळा सुपरवायझर होता ना, पायाने जरा अधू. तो आला त्या वर्षी."

"कोर्टात सुपरवायझर चालत नाही हो."

"चांगला माणूस होता रे. चालायला पाहिजे."

बऱ्याच वेळाने आप्पाला आठवलं की दरवर्षीच्या भरताच्या दिवशी चौकातला फोटोवाला बोलवायची पद्धत त्यानेच पाडली होती. पत्र्याच्या पेटीतून पाच फोटो निघाले. कोपऱ्यात नारिंगी आकड्यांत तारीख. पाचव्या फोटोत आप्पा बियाण्याची पुरचुंडी केसरबाईच्या ओटीत घालत होता, आणि दोघांनी फोटोवाल्याच्या सांगण्यावरून हालचाल अर्धी थांबवून कॅमेऱ्याकडे बघितलं होतं, साखरपुड्यात बघतात तसं.

झुंबरचे डोळे भरून आले. "आप्पा, हा फोटो म्हणजे नुसतं सोनं आहे!"

"माझं पोट जास्त दिसतं त्यात," आप्पा म्हणाला.

तिथून तो राखोलीला केसरबाईच्या खानावळीत गेला. ती डाळीला फोडणी देत होती. ऐकून घेऊन म्हणाली, "माझ्या शेळीचं नाव लागंल का कागदावर?"

"लागलं, मावशी. वकीलबाईंनी लिहून घेतलं."

"बघ. आमच्या बापाचं कुठं लागलं नाही अन् शेळीचं लागलं." तिने फळीवरच्या डब्यातून पाच फोटो काढून दिले. त्यातल्या एकात सगळ्यांच्या हनुवटीला मास्क लटकत होते, ते वर्ष बिनचूक ओळखू आलं. शेवटच्यात केसरबाई पुरचुंडी झुंबरला देत होती. उरलेले दोन झुंबरच्या मोबाइलमध्ये होते, ते त्याने छापून घेतले. बारा थंड्या, बारा फोटो, एकही वर्ष गाळलेलं नाही. गोकुळ म्हणाला, असा पुरावा साडूकडे असता तर साडू आज बंगल्यात असता.

सोमवारी झुंबर शिफ्ट बदलून घेऊन नलिनीबाईंच्या ऑफिसात हजर झाला. बरोबर साक्षीदार म्हणून कारभारी आप्पा, केसरबाई आणि कायदेशीर सल्लागार म्हणून गोकुळ. खुर्च्या दोनच होत्या. आप्पा बसला, केसरबाई बसली, बाकीचे कपाटाला टेकले.

नलिनीबाईंनी बारा फोटो टेबलावर ओळीने मांडले. पहिल्यापासून शेवटपर्यंत एकदा बघितले. मग शेवटपासून पहिल्यापर्यंत. चेहरा खुलत गेला. "झुंबरभाऊ, हे फारच उत्तम आहे. तारखा आहेत. दोन्ही हस्तांतरं आहेत. एकही वर्ष तुटलेलं नाही. इतकी सुंदर साखळी मी वीस वर्षांत बघितली नाही."

कपाटाजवळून गोकुळने झुंबरच्या पाठीत धपका मारला.

"फक्त एक सांगा," नलिनीबाई म्हणाल्या. "प्रत्येक फोटोत मधोमध पाटावर बसलेले हे टोपीवाले गृहस्थ कोण?"

"ते?" झुंबर अभिमानाने म्हणाला. "ते ठाकोरशेठ! मालक!"

नलिनीबाईंनी बारा फोटोंतल्या बारा टोप्यांवरून बोट फिरवलं.

"मालक," नलिनीबाई म्हणाल्या.

"हो. दरवर्षी यायचे. बोलावल्याशिवाय जाळ कसा पेटवणार?"

नलिनीबाईंनी चष्मा काढून ठेवला आणि मास्तरांच्या मुलीला शोभेल अशा शांतपणे दुसऱ्यांदा समजावून सांगायला घेतलं. ताबा नुसता लांब असून भागत नाही. तो मालकाला न जुमानता असावा लागतो. मालक डोळ्यांसमोर आणि तुम्ही म्हणता जागा माझी, तुला काय करायचं ते कर. असं बारा वर्षं चालावं लागतं. मालक येऊन आनंदाने जेवत असेल तर त्याची राजीखुशी आहे असं धरतात, आणि राजीखुशीने बसलेल्या माणसाने शंभर वर्षं काढली तरी ती बारा होत नाहीत.

"म्हणजे भांडण पाहिजे?" झुंबरने विचारलं.

"सोप्या भाषेत, हो. तुमच्यापैकी कोणाचं शेठशी कधी वैर होतं का? वादावादी? नीट आठवा. आठवून सांगा, बनवून नको."

तिघंही आठवू लागली. इतक्या कष्टाने त्यांनी कधी काही आठवलं नव्हतं.

"मला तो मनातून आवडायचा नाही," शेवटी कारभारी आप्पा म्हणाला. "नाकातून बोलायचा."

"मनातलं वैर चालत नाही, आप्पा. उघड लागतं."

"उघड कसं बोलणार? पाहुणा होता."

"मी एकदा त्याला ठेचा वाढला नव्हता," केसरबाई म्हणाली. तिचा स्वर कबुलीजबाबाचा होता. "तीन वेळा मागितला त्यानं. मी म्हटलं, संपला. होता."

नलिनीबाईंनी पेन उचललं, विचार केला आणि परत ठेवलं. "ठेचा नाकारणं म्हणजे मालकी नाकारणं, असं न्यायालय मानेल असं वाटत नाही."

"अन् तू रे?" गोकुळने झुंबरला विचारलं. "तुझा आवाज तर वैरासारखाच आहे."

"मी त्यांना म्हणायचो, अजून एक पुरी घ्या."

"ओरडून म्हणायचा ना? बस! मॅडम, लिहा, हा शेठवर ओरडायचा. चाळीतले चाळीस लोक साक्ष देतील." गोकुळला आता पुढचं दिसू लागलं होतं. "अन् असं म्हणायचं, शेठ न बोलावता यायचा. जागा खाली करा म्हणायला यायचा. हे ऐकायचे नाहीत. मग तो तिथेच ठिय्या मारून बसायचा."

"आणि जेवायचा?" नलिनीबाईंनी विचारलं.

"रागाने जेवायचा!"

नलिनीबाई गोकुळकडे बघितल्यासारखं न करता झुंबरकडे वळल्या. "हे मी लिहिणार नाही. मी फक्त विचारते आणि तुम्ही सांगाल तेच लिहिते. झुंबरभाऊ, शेठ बोलावल्यामुळे यायचे की न बोलावता?"

टेबलावर बारा ठाकोरशेठ पाटावर बसले होते. खिडकीतून कोर्टाच्या आवारातलं बोलणं ऐकू येत होतं. झुंबरला वाफा दिसला, त्यातली फुलं, काठीचा आधार दिलेलं ते झाड. एक शब्द इकडचा तिकडे केला तर निदान खटला उभा राहिला असता, आणि गोकुळच्या म्हणण्याप्रमाणे खटला उभा राहिला की माणसं म्हातारी होईपर्यंत जागा हलत नाही. पण तो शब्द म्हणजे, आमच्या दारात माणूस न बोलावता जेवून गेला. हे शब्द त्याच्या घराण्यात कोणी कोणाबद्दल उच्चारले नव्हते. ज्यांच्याशी खून होण्याइतकं भांडण होतं त्यांच्याबद्दलसुद्धा नाही.

"बोलावल्यामुळे," झुंबर म्हणाला. आयुष्यात पहिल्यांदा तो हळू बोलला, त्यामुळे आप्पाला ऐकू आलं नाही आणि केसरबाईला त्याच्या कानात परत सांगावं लागलं.

"घरी जाऊन बोलावल्यामुळे," झुंबरने भर घातली. "नारळ घेऊन जायचो."

"नारळाचं सांगायची गरज नव्हती," गोकुळ कपाटाला म्हणाला.

नलिनीबाईंनी भावेशभाईला फोन करून बोलावलं. खटला नाही, पण निदान पीक उतरेपर्यंत मुदत मागून बघू, असं त्यांचं म्हणणं. तो पाऊण तासात आला, कारण केस न लढताच संपतेय असं त्याला फोनवर कळलं होतं. आत आल्यावर चार माणसांचे पडलेले चेहरे बघून त्याला बरं वाटलं.

"तुमच्या नोटिशीत लिहिलंय की वडिलांनी त्या जागेत कधी पाऊल ठेवलं नाही," नलिनीबाई म्हणाल्या. "ते चुकीचं आहे. ते दरवर्षी येत. हे माझ्या अशिलाच्या विरुद्ध जातं, पण खरं ते खरं."

भावेशभाईने फोटो उचलला. डोळ्यांजवळ नेला. मग दुसरा उचलला.

"आ मारा बापूजी छे?"

"हो," झुंबर म्हणाला.

"बापूजींच्या हातात हे काय?"

फोटोत ठाकोरशेठच्या डाव्या हातात कांद्याची पात होती. अर्धी. उरलेली अर्धी कुठे गेली हे शेठच्या गालावरून कळत होतं. आता ठाकोरशेठचं घर म्हणजे गळ्यात कंठी घातलेलं घर. त्या घराच्या उंबरठ्याच्या आत तीन पिढ्यांत कांदा आला नव्हता, लसणाचं नाव निघालं नव्हतं, आणि भावेशभाईची आई कमळाबा ही तर बाहेरगावी जाताना पाणीसुद्धा घरचं नेणारी बाई.

झुंबरने क्षणाचाही विलंब लावला नाही. "ती पात माझी! मी त्यांना धरायला दिली होती!"

हा फोटो दोन हजार चौदाचा होता. झुंबर तेव्हा वाफ्याच्या आसपासही नव्हता. जागेसाठी ज्याच्या तोंडून एक खोटा शब्द निघाला नाही, तो पाहुण्याच्या अब्रूसाठी वकिलाच्या देखत धडधडीत खोटं बोलला, आणि तेही नेहमीच्या आवाजात.

"बारा वर्षं तूच धरायला देत होता काय रे?" केसरबाई म्हणाली. तिला मुद्दा कळला नव्हता. "भावेशभाऊ, तुझा बाप भला माणूस. आठ पुऱ्या, अन् लसणाचा ठेचा मागून मागून. मीच एकदा नाही म्हटलं, अजून जीवाला लागतं."

भावेशभाई खुर्चीत बसला. म्हणजे केसरबाईने त्याला ती रिकामी करून दिली. "मार्गशीर्षात दर वर्षी," तो हळूहळू म्हणाला, "बापूजी म्हणायचे, सेलवासला साइट पाहून येतो. आणि तीन दिवस गुळण्या करायचे. बा म्हणायची, गोदामातल्या धुळीने घसा बसतो. तिने गोदामात एक्झॉस्ट पंखा लावून घेतला."

"तो पंखा चांगला आहे," आप्पा म्हणाला.

उद्या केस उभी राहिलीच, तर ती जिंकायला भावेशभाईला हे बारा फोटो कोर्टात दाखवावे लागले असते. वडील इथे राजीखुशीने येत होते याचा दुसरा पुरावा नव्हता. आणि कोर्टात एकदा दाखल झालेलं दादऱ्याला कमळाबाच्या कानावर पोचायला एक दुपार पुरते. झुंबरने फोटो गोळा केले, टेबलाच्या कडेवर ठोकून सारखे केले आणि त्याच्यापुढे ठेवले.

"घेऊन जा, शेठ. मोबाइलमधले बी पुसून टाकतो."

"पण तुमचा पुरावा आहे ना आ?"

"पुरावा काय करायचा? वैर तर निघालं नाही."

भावेशभाईने फोटो घेतले. बराच वेळ वरचाच बघत राहिला. मग म्हणाला की टेम्पो पुढच्या बाजूलाही उभे राहू शकतील, त्यासाठी भिंत तोडायची तशी जरूर नाही. झुंबरभाईंनी खुशाल वांगी लावावीत. फक्त हक्क सांगणार नाही एवढं लिहून द्यावं. नलिनीबाईंनी तिथल्या तिथे मसुदा केला. मी झुंबर सोनवणे, तसेच माझ्यापूर्वीचे कारभारी व केसरबाई, आम्ही सदर जागा मालकांच्या परवानगीने वापरत आलो असून जागेवर आमचा कोणताही हक्क नव्हता, नाही व राहणार नाही. केसरबाईच्या आग्रहावरून शेळीचाही उल्लेख झाला. झुंबरने ठसठशीत सही केली. एवढ्या आनंदाने कोणी काही गमावल्याचं नलिनीबाईंनी पाहिलं नव्हतं.

"एक विचारू मॅडम?" टोपण लावताना त्याने विचारलं. "मी रिटायर झालो, गावी गेलो, तर वाफा गोकुळच्या हवाली केला तर चालेल ना?"

"नाही. ही परवानगी तुमच्या नावाची आहे. ती दुसऱ्याला देता येत नाही. तुम्ही सोडलीत की संपली. आता जोडायला काही उरलं नाही."

झुंबर त्या कागदाकडे बघत राहिला. आप्पाने सुरंगीला जाताना वाफा देऊन टाकला होता आणि मोकळा झाला होता. केसरबाईने गावी जाताना दिला होता.

घरी येऊन त्याने सरुबाईला सगळं पहिल्यापासून सांगितलं. तिने भाकरी थापता थापता ऐकलं.

"म्हणजे जागा आपली झाली नाही."

"नाही. पण वांगी राहिली!"

"अन् कोणाला देता येत नाही."

"नाही."

"अन् सोडली तर टेम्पो येतील."

"येतील."

सरुबाईने भाकरी तव्यावर टाकली. यंदा गावी फैजपूरला घराचं छत घालून घ्यायचं आणि दोन-तीन वर्षांत परत जायचं, असं तिने दिवाळीपासून तीनदा काढलं होतं. "मंग मला एवढंच सांगा," ती म्हणाली, "कब्जा तुमचा जागेवर आहे, का जागेचा तुमच्यावर?"

झुंबरने या मुद्द्यावर बराच विचार केला. भाकरी फुगली, उतरली, दुसरी तव्यावर पडली. शेवटी तो म्हणाला की सोमवारी वकीलबाईंना विचारून सांगतो.